तो विंचू नव्हे

'जुन्या वाड्यात विंचवाची पिल्ले. फवारणीची मागणी' ही शहर पानावरील बातमी वाचली. सोबतच्या छायाचित्रातला जीव विंचवाचे पिल्लू नाही, तो छद्मविंचू आहे. विंचवाच्या पिलाला जन्मापासून शेपूट आणि नांगी असते. छद्मविंचवाला शेपूटच नसते. घरांत, जुन्या पुस्तकांत आढळणारा 'चेलिफर कँक्रॉइड्स' या जातीचा छद्मविंचू पुरता वाढला तरी ४ मिलिमीटरच्या आसपासच भरतो. त्याच्या चिमट्यांत विष असते, पण ते जुन्या कागदावर जगणाऱ्या बारीक किडींपुरते. माणसाला तो इजा करत नाही, उलट पुस्तके राखतो.

झाडाची साल, पालापाचोळा, पाखरांची घरटी ही त्याच्या भाऊबंदांची मूळ घरे. मागे अंगणातल्या कडुनिंबाची सुटलेली खपली उचलली, तर खाली एक चिमटे पसरून बसला होता. गवताची काडी लावताच चिमटे आखडून सरसर मागच्या मागे सरकला.

खऱ्या विंचवाची सोलापूरकरांना वाटणारी भीती रास्तच आहे. पण या जिवापायी, लहान मुले असलेल्या वाड्यात, विषारी फवारणी होऊ नये. छायाचित्राखालची ओळ कृपया दुरुस्त करून छापावी.

– एक निवृत्त शिक्षक, सोलापूर