फॉर्मवरचा एक रकाना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, डेंगीचे रिपोर्ट असे उलटसुलट का येतात? एका पेशंटची पीसीआर निगेटिव्ह आणि आयजीएम पॉझिटिव्ह, तर शेजारच्या खाटेवरच्याचं नेमकं उलट. फोनवर मला ते नीट सांगता आलं नाही. पाऊस सुरू झाला की तुमच्या प्रयोगशाळेत सॅम्पलांची रीघ लागेल, मग तुला श्वास घ्यायलाही फुरसत मिळायची नाही. म्हणून आत्ताच लिहिते आहे.

ते दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. फरक तापाच्या दिवसाचा आहे. ताप चढायच्या एक-दोन दिवस आधीच विषाणू रक्तात आलेला असतो आणि साधारण पाचव्या दिवसापर्यंत तो चांगला सापडतो. मग शरीरात त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि तो झपाट्याने ओसरतो. पीसीआर विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधते, आयजीएमची एलायझा चाचणी ती प्रतिपिंडं शोधते. सरकारी कार्यक्रमातही पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचं एक प्रथिन शोधणारी चाचणी) आणि त्यानंतर आपल्या पुण्याच्या एनआयव्हीच्या, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या, किटवर आयजीएम, अशी पद्धत आहे ती याचसाठी.

सातव्या दिवशी घेतलेल्या रक्ताची पीसीआर निगेटिव्ह आली, तर त्याचा अर्थ एवढाच, की आज या नळीत आरएनए सापडला नाही. आणि मुक्ता, धोक्याचा काळ नेमका ताप उतरताना येतो. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपायला लागतो, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, चढतो, प्लेटलेट घसरतात, आणि विषाणू तोवर कमी झालेला असतो. घरचे लोक म्हणतात, ताप गेला, रिपोर्टही निगेटिव्ह, चला घरी. आपल्या कागदावरच्या एका शब्दाने असं कुणी घरी जाऊ नये, ही काळजी मला नोकरीत कायम वाटत आली. तुलाही वाटावी.

आता सॅम्पलचं. सीरम चालतं, ईडीटीएच्या नळीतला प्लाझ्माही चालतो. हेपरिनची नळी आली तर परत पाठव; दोन्ही रक्त गोठू देत नाहीत, पण हेपरिन पीसीआरची प्रक्रियाच अडवतं. आरएनए फार नाजूक असतो, आपल्या हातांवरच्या, घामातल्या विकरांनीही तुटतो. वॉर्डातून सॅम्पल बर्फावर आलं पाहिजे आणि लगेच काम होणार नसेल तर उणे ८० अंशांवर गेलं पाहिजे. पुन्हा पुन्हा वितळवून गोठवलेल्या सॅम्पलवर विसंबू नकोस. प्रत्येक सॅम्पलमधला अंतर्गत कंट्रोल, म्हणजे चाचणी नीट चालली हे दाखवणारी खूण, वर आला का ते आधी बघायचं. तो आला नसेल तर 'निगेटिव्ह' लिहायचा आपल्याला अधिकारच नाही, सॅम्पल पुन्हा लावायचं.

आमच्या वेळी हे सगळं डोळ्यांनी बघायचं काम होतं. १९९२ मध्ये लँचिओटी आणि सहकाऱ्यांनी जी पद्धत दिली, तिच्यात आधी आरएनएचा डीएनए करून ५११ बेस-जोड्यांचा एक तुकडा वाढवायचा, मग त्याच्या आत दुसरी फेरी. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत; जेलवर पट्टा ४८२ ला आला तर पहिला प्रकार, ११९ ला दुसरा, २९० ला तिसरा आणि ३९२ च्या आसपास चौथा. अतिनील दिव्याखाली तो पट्टा चमकला की काय वाटायचं ते तुला सांगता येणार नाही! पण दोन फेऱ्यांच्या मध्ये नळी उघडावी लागे, आणि उघडलेल्या नळीतला कणभर डीएनए हवेतून दुसऱ्या नळीत गेला तर निरोगी माणूसही पॉझिटिव्ह. तुमच्या रिअल-टाइम पीसीआरमध्ये झाकण शेवटपर्यंत बंद राहतं, हा मोठाच फायदा. तरीही मास्टर मिक्सची (पीसीआरच्या रसायनांच्या मिश्रणाची) खोली, आरएनए काढण्याची खोली आणि मशिनची खोली यांतली वाट एकाच दिशेची ठेव. मशिनच्या खोलीतला एप्रन घालून मास्टर मिक्सच्या खोलीत कुणी आलं, तर ते कितीही वरिष्ठ असोत, बाहेर पाठव.

सीटीच्या आकड्याबद्दल, म्हणजे कितव्या चक्राला मशिनला खूण दिसली त्याबद्दल, तू विचारलं नाहीस, पण तिथेच लोक जास्त फसतात. आरएनएवरून बनलेला डीएनए दर चक्राला जवळपास दुप्पट होतो, म्हणून सुमारे ३.३ चक्रांचा फरक म्हणजे दहापट. सीटी २० आणि सीटी ३० यांच्यात हजारपट अंतर आहे, आणि आकडा लहान तितका विषाणू जास्त. पण सीटी म्हणजे काही मोजमाप नव्हे. वेगळं किट, वेगळं मशिन, की आकडा हलला. खरं मोजायचं तर ज्ञात प्रतींची प्रमाणरेषा त्याच रनमध्ये हवी. हिशेब हातानेही करून बघ: १४० मायक्रोलिटर प्लाझ्मातून आरएनए काढून ६० मध्ये घेतला, त्यातले ५ नळीत टाकले आणि १००० प्रती निघाल्या, तर ६० मध्ये १२,००० आणि मिलिलिटरमागे सुमारे ८६ हजार. तेही सगळा आरएनए हाती लागला असं धरून. शिवाय या प्रती म्हणजे जिवंत, संसर्ग करणारे विषाणू नव्हेत. तशा विषाणूंची संख्या खूपच कमी असते.

एवढं मोजून पेशंटला काय मिळतं? खरं सांगायचं तर आज त्याच्या उपचारात फारसं काही नाही. बँकॉकच्या मुलांवरच्या अभ्यासात, २००० साली, गंभीर आजार झालेल्यांच्या रक्तात विषाणू सरासरीने जास्त आढळला होता. पण सरासरीवरून खाटेवरच्या एका मुलाचं भाकीत करता येत नाही. डॉक्टर सलाईन ठरवतात ते हिमॅटोक्रिट आणि नाडी बघून. म्हणून एखाद्या गरीब बापाने उसनवारी करून मुलाचं रक्त व्हायरल लोडला, म्हणजे या मोजणीला, आणलं, तर डॉक्टरांशी बोल, तो खर्च वाचव. संशोधनात मात्र हे मोजमाप लागतंच. व्हिएतनाममध्ये बालापिराविर हे औषध डेंगीवर वापरून पाहिलं, त्याने रक्तातला विषाणू कमी होत नाही हे अशाच मोजणीतून कळलं.

प्रकार ओळखणं मात्र साऱ्या गावाच्या कामाचं. क्यूबात १९७७ ला पहिल्या प्रकाराची साथ आली आणि १९८१ ला दुसऱ्या प्रकाराची. त्या दुसऱ्या खेपेला ३ लाख ४४ हजारांवर रुग्ण आणि १५८ मृत्यू झाले. एका प्रकाराची लागण होऊन गेलेल्याला दुसरा प्रकार जास्त जड जाऊ शकतो. म्हणून तुमच्या जिल्ह्यात प्रकार बदलताना दिसला तर महिनाअखेरच्या तक्त्याची वाट बघू नकोस, त्याच दिवशी वर कळव.

आणि फॉर्मवर 'ताप कधी सुरू झाला' हा रकाना असतो. तो बहुधा रिकामाच येतो. वॉर्डातल्या सिस्टरांना फोन करून तारीख विचार, त्या कितीही घाईत असल्या तरी. पेशंटच्या आईला ती हमखास आठवत असते. मग रिपोर्टवर निकालाच्या खाली लिही: तापाच्या अमुक दिवशीचं रक्त. पाचव्या दिवसानंतरचं असेल तर 'आयजीएम करावी' हेही लिही.

तुझी,
आई