दहा दिवस थांबा म्हणालेत

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू नुसताच ओरडत होतास, म्हणून लिहून पाठवतेय. "काहीच सांगता येत नाही तर सोनोग्राफी केली कशाला?" तीनदा विचारलंस. मी आत होते, स्क्रीन मी बघितलीय, तर ऐक.

परवा पहाटे सूनबाईच्या अंगावरून लाल गेलं. रिक्षा केली आणि राजारामपुरीत नेलं. वाटेत तिला बळेबळे बाटलीभर पाणी पाजलं. तुझ्या वेळी, १९९३ साली, मलाही असंच झालं होतं, तेव्हा लघवी तुंबवून पोटावरून बघायचे. इथली सिस्टर म्हणाली, "मावशी, एवढ्या लवकरचं आतून बघतात, आधी लघवीला जाऊन येऊ दे त्यांना." माझी हुशारी तिथंच संपली. मग फॉर्म, आणि मुलगा-मुलगी जाणून घ्यायचं नाही अशी सही. (तुझ्या आत्यानं संध्याकाळी तेच विचारलं! सहाव्या आठवड्यात ते दिसतही नाही, आणि १९९४ पासून कायदा आहे म्हटलं.)

डॉक्टरीणबाईंनी आधी गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत नाही ना, ते बघितलं. नळीत असता तर सूनबाईच्याच जिवावर बेतलं असतं. पिशवीतच आहे. काळ्या गोलात एक बारीक पांढरं कडं दिसलं, आणि त्याला चिकटून तिळाएवढं काहीतरी. ३ मिलिमीटर. ते तुझं बाळ. ठोके दिसले नाहीत.

सूनबाईनं माझा हात इतका आवळला की बांगडी पिचकली. पण बाई म्हणाल्या, ७ मिलिमीटरचं होऊनही ठोके नसतील तर मग गर्भ राहिला नाही म्हणता येतं, त्याच्या आत कुणीच सांगू नये. हिची पाळी मागंपुढं होते, म्हणजे तारीख आठवडाभर चुकलेली असू शकते. गर्भाशेजारी चंद्रकोरीसारखं रक्त साचलंय, डाग तिथूनच येतोय. ते पुष्कळदा आपोआप जिरतं. १० दिवसांनी परत बोलावलंय. तासाभरात पॅड भिजायला लागलं, पोटात जोराची कळ आली किंवा चक्कर आली, तर रात्री-अपरात्री न्यायचं. दुसऱ्या डॉक्टरकडं धावून तीळ काही एका रात्रीत मोठा होत नाही.

आता तुझं. "स्कूटी चालवायची काय गरज होती?" असं तू म्हणालास, फोन स्पीकरवर होता. ती काही बोलली नाही, पुढ्यात लसूण होता तो सोलत बसली. पाव किलो सोलला, एवढा कुणाला लागतो? मी पन्हाळ्याला जाऊन आले म्हणून तुझ्या आजीनं मला दीड महिना खाटेवरून उठू दिलं नव्हतं. पन्हाळ्यामुळंच झालं, असं मीही कितीतरी वर्षं धरून चालले होते. परवा बाईंना विचारलं. झोपून राहून गर्भ टिकतो असं काही नाही म्हणाल्या, आणि इतक्या लवकर जातो तो बहुतेकदा बीजातच खोट असते म्हणून. स्कूटीनं जात नाही. हे तिला मी सांगून झालंय, तुझ्या तोंडून ऐकायचंय तिला.

आणि तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह निघाला. तू पॉझिटिव्ह असलास तर बाळही पॉझिटिव्ह असू शकतं, आणि मग तिच्या रक्तात त्याच्याविरुद्ध काही तयार होऊ नये म्हणून इंजेक्शन असतं. ते द्यायचं का हे ठरवायला तुझा गट हवाय. कॉलेजात रक्तदान केलेलंस ते कार्ड तुझ्याकडंच असेल, त्याचा फोटो आजच पाठव.

तुझी आई