बजेटचं पान

वाई,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा पाण्यातल्या फ्लोराइडवरच्या संशोधनाचा प्रस्ताव फोनवर मिळाला. "बाबा, सायन्स सोडा, फक्त बजेटचं पान बघा," असं तू लिहिलं होतंस. फोनवर आकडे वाचायची मला अजून सवय नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतलं. चौतीस पानं, अडुसष्ट रुपये. पावती मागितली तर तो हसला. मग कपाटातून लाल पेन शोधून काढलं. तुझी आई म्हणाली, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

सायन्स सोड म्हणालीस तरी पहिली सहा पानं वाचलीच. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं की पोरांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडं धरतात, हे मला ठाऊक होतं. पण नांदेड-यवतमाळकडच्या एकाच गावात एका बोअरचं पाणी चांगलं आणि दोनशे फुटांवरच्या दुसऱ्याचं वाईट, हे माहीत नव्हतं. तुझा मुद्दा तिथेच आहे ना? मला पटला. आता बजेट.

सगळ्यात आधी, तुझ्या संशोधक विद्यार्थ्याचे पैसे तू चुकवलेस. ३७,००० गुणिले ३६ महिने करून १३,३२,००० लिहिलेस. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधक फेलोला, महिन्याला ३७,००० आहेत हे बरोबर, पण दोन वर्षांनी आढावा होऊन तो एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलो, झाला की ४२,००० द्यावे लागतील. म्हणजे २४ महिन्यांचे ८,८८,००० आणि १२ महिन्यांचे ५,०४,०००, मिळून १३,९२,०००. साठ हजारांचा फरक. घरभाडं भत्ता तर तू धरलाच नाहीस. तो वेगळा. तिसऱ्या वर्षी हे पैसे कुठून आणणार होतीस? एका हेडचे, म्हणजे खर्चाच्या एका शीर्षाचे, पैसे दुसऱ्यात वळवायचे तर आधी परवानगीचं पत्र, आणि सरकारी काम, सहा महिने थांब.

तू स्वतः २५,००० वर होतीस तेव्हा महिनाअखेरीस मेसचं बिल मी भरायचो. डिसेंबर २०१८ मध्ये फेलोशिप वाढवा म्हणून फलक घेऊन उभी राहिलीस, तो फोटो आईने अजून फोनमध्ये ठेवलाय. पुढच्या महिन्यात केंद्राने जेआरएफचे ३१,००० आणि एसआरएफचे ३५,००० केले. फलक धरणाऱ्या बाईनेच आता विद्यार्थ्याचा गुणाकार चुकवावा, याचं मला जरा हसू आलं.

दुसरं, आयन क्रोमॅटोग्राफ, पाण्यातले वेगवेगळे आयन मोजायचं तुझं यंत्र. २८ लाख. कोटेशन जोडलंस, चांगलं केलंस. पण त्याला यूपीएस लागेल, एसी लागेल, वॉरंटी संपल्यावर वार्षिक देखभाल करार लागेल, आणि खोली? आपल्या कॉलेजात एक यंत्र असंच आलं होतं. पेटी उघडली, हार घातला, फोटो काढला, आणि थ्री-फेजची लाइन नाही म्हणून दीड वर्ष त्यावर प्लॅस्टिकचं आवरण होतं. नारळ फोडल्याचा डाग फरशीवर राहिला. तेव्हा प्राचार्यांकडून जागा आणि विजेबद्दल लेखी घे. ओव्हरहेडचे, म्हणजे संस्थेच्या वरखर्चाचे, पैसे कॉलेजला जातात ना, त्यांना सांग की ते ह्यासाठीच असतात. यंत्राबद्दल आणखी एक सांगायचंय, ते शेवटी.

प्रवासाला वर्षाला ५०,००० कमी आहेत. चाळीस गावं, पावसाळ्याआधी आणि नंतर. बाटल्या घेऊन एसटीने फिरणार आहेस का? जीपचं भाडं दिवसावर धर, डिझेल धर, आणि गणित तळटीपेत दाखव. तपासणाऱ्याला आकडा मोठा वाटत नाही गं, आकडा कुठून आला ते दिसत नाही म्हणून तो कापतो.

आता अर्ज कुठे, हा तुझा दुसरा प्रश्न. सर्ब, म्हणजे संशोधनाला अनुदान देणारं केंद्राचं जुनं मंडळ, गेलं; त्याच्या जागी नवं प्रतिष्ठान आलं. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. तुमच्यासारख्या नव्या प्राध्यापकांसाठी त्यांचं अर्ली करिअरचं अनुदान आहे, तीन वर्षांना ६० लाखांपर्यंत, ओव्हरहेड वेगळे. तुझा प्रस्ताव तिथेच जायला हवा. पाच वर्षांत ५०,००० कोटी उभे करणार असं जाहीर झालंय. त्यातले १४,००० कोटी सरकारचे आणि ३६,००० कोटी बाहेरून, कंपन्या आणि देणगीदारांकडून. मी आयुष्यभर लेखा विभागात बसलेला माणूस, खात्यात पडल्याशिवाय जमेला धरत नाही. असो.

परवा ३ नोव्हेंबरला दिल्लीत एक लाख कोटींच्या निधीची सुरुवात झाली, ती बातमी वाचून तुझ्या मामाचा फोन आला, "मृणालला सांग!" तो निधी खासगी उद्योगांच्या संशोधनासाठी आहे. कमी व्याजाची, लांब मुदतीची कर्जं वगैरे. तुझ्या बाटल्यांशी त्याचा संबंध नाही. मामाला मी सांगितलं, त्याला ते फारसं आवडलं नाही.

"आयआयटीवाल्यांपुढे आमच्या कॉलेजला कोण विचारतो" असं तू म्हणालीस. खोटं नाही. कायदा येत होता तेव्हा केंद्रीय मंत्र्यांनीच सांगितलं होतं की सर्बचा सुमारे ६५ टक्के निधी आयआयटींकडे जातो आणि राज्य विद्यापीठांच्या वाट्याला ११ टक्के येतो. नवं प्रतिष्ठान हे बदलायला काढलंय म्हणतात. बदललं की नाही ते तुझ्यासारख्यांच्या मंजुरीपत्रांवरून कळेल. पण कॉलेज लहान आहे हे प्रस्तावात रडगाणं म्हणून लिहू नकोस. तुझी चाळीस गावं तुझ्या कॉलेजच्या दारात आहेत, आणि त्या गावांतली पोरं तुझ्या वर्गात बसतात. आयआयटीवाल्याला त्यासाठी गाडी करून यावं लागेल. हे दुसऱ्या पानावर यायला हवं. तू अठराव्या पानावर, कंसात टाकलंयस.

खरेदीबद्दल थोडक्यात. जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, मिळत असेल तर जेमवरून, नसेल तर तसा दाखला काढून फाइलला लाव. ह्या जूनमध्ये केंद्राने वैज्ञानिक खात्यांच्या संस्थांसाठी नियम सैल केले. दरपत्रकाशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली, खरेदी समितीची १० लाखांवरून २५ लाखांवर. तुमच्या कॉलेजला ते लागू होतं का, हे तोंडी नको, लेखी विचार. अनुदानावर बँकेत व्याज मिळालं तर ते आपलं नाही, भारतकोशवर, म्हणजे सरकारकडे पैसे भरायच्या पोर्टलवर, भरून पावती ठेव.

आता तुझ्या मेसेजमधलं ते वाक्य. "लेखा विभागातले लोक मुद्दाम अडवतात." तुला लिहिताना लक्षात आलं नसेल. पस्तीस वर्षं तो माणूस मी होतो.

तुला २०१० मध्ये इन्स्पायर, केंद्राची विज्ञानाची शिष्यवृत्ती, मिळाली. वर्षाचे ८०,०००, त्यातले ६०,००० स्टेट बँकेच्या तुझ्या खात्यात आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पाचे. दर वर्षी गुणपत्रिका आणि प्रगतीचा अहवाल पाठवायचा असायचा. तुझा निकाल लागला की त्याच दिवशी मी झेरॉक्स, सही, शिक्का करून पाकीट टपालात टाकायचो. तू चिडायचीस, "बाबा, महिना आहे अजून." त्या घाईचं कारण मी तुला कधी सांगितलं नाही. आईलाही अर्धंच ठाऊक आहे.

१९९६ ची गोष्ट. केमिस्ट्रीच्या एका सरांना दिल्लीहून प्रोजेक्ट मंजूर झाला होता, त्यावर एक मुलगा फेलो होता. जावळीकडचा, बारीक, कायम धुतलेला पांढरा शर्ट. पहिला हप्ता संपत आला, दुसऱ्यासाठी यूसी, म्हणजे पैसे ठरल्या कामी खर्च झाल्याचं प्रमाणपत्र, पाठवायचं होतं. आता तो १२-ए नमुना आहे, आमच्या वेळी १९-ए होता. फेब्रुवारीत फाइल माझ्या टेबलावर आली. त्यात १,८६० रुपयांचं एक बिल होतं, काचेचा डिस्टिलेशन सेट. सरांनी तो रसायनं-काचसामानात टाकला होता. मी लाल शाईने शेरा मारला, "सदर बाब उपकरणात मोडते काय? खुलासा व्हावा." शेरा चुकीचा नव्हता. आजही मी तोच मारीन. पण सर रिफ्रेशर कोर्सला गेले होते, आणि मी फाइल खाली ठेवली. मग मार्चअखेर आली. एप्रिलमध्ये मला लोकसभेची इलेक्शन ड्युटी लागली. मग सुट्टी, मग प्रवेश.

तो मुलगा दर सोमवारी खिडकीशी यायचा. "काका, आलं का?" मी म्हणायचो, "दिल्लीहून यायचंय." आणि फाइल माझ्या डाव्या हाताला, हजेरीपटांच्या खाली होती. मी खोटं बोलत होतो असं मला तेव्हा वाटत नव्हतं. दिल्लीहूनच यायचे होते पैसे. जुलैत फाइल वर आली, सरांनी दोन ओळींचा खुलासा दिला, दहा मिनिटांत काम झालं. सेट जडवस्तू संग्रह नोंदवहीत गेला, "१ नग". यूसी दिल्लीला गेलं, एकदा त्रुटी निघून परत आलं, पुन्हा गेलं. हप्ता जानेवारीत पडला. अकरा महिने.

मुलाने दिवाळीनंतर सोडलं होतं. घरी धाकटी बहीण लग्नाची, वडील आजारी. खताच्या दुकानात नोकरी धरली. थकबाकीचा चेक न्यायला आला तेव्हा साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन आला, माझ्या टेबलावर ठेवले. पुढच्या महिन्यांची त्याच्या नावची रक्कम शिल्लक राहिली, ती दिल्लीला परत पाठवण्याचं पत्र मीच टाइप केलं.

म्हणून सांगतो, तुमच्या लेखा विभागातला माणूस वाईट आहे असं धरून चालू नकोस. त्याच्या शेऱ्यात बहुतेक वेळा तथ्य असतं. त्याला त्या शेऱ्यामागचा मुलगा मात्र दिसत नाही. तो दाखवायचं काम तुझं. यूसी द्यायचं असेल तेव्हा फाइल शिपायाबरोबर पाठवू नकोस. तुझ्या जेआरएफला बरोबर घे, दोघं जा, त्याचं नाव सांग, गाव सांग. चहा घ्या. आणि बिल कुठल्या हेडला टाकायचं ते खरेदीच्या आधी विचार, नंतर नाही.

हे सगळं आजच का आठवलं? मंगळवारी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. रांगेत मागून कुणीतरी म्हणालं, "काका, ओळखलं का?" केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, पण शर्ट तसाच. स्वतःचं कृषी सेवा केंद्र आहे त्याचं, बरं चाललंय. मी ओशाळलो होतो, तो नाही. "ताई काय करतात?" म्हणाला. मी सांगितलं, नांदेडला प्राध्यापक आहे, पाण्यातल्या फ्लोराइडवर काम करणार आहे, मोठं यंत्र घेणार आहे.

त्याने टोकन हातात फिरवलं. मग विचारलं, "फ्लोराइड एकटंच मोजायचं असेल तर आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड पुरतो ना? बफर घालून?" मला काय कळणार. मी म्हटलं, विचारतो.

तर विचारतोय. तुला बाकीचे आयन मोजायचेच असतील तर गोष्ट वेगळी, ते तू ठरव. पण नसेल, तर मीटर आणि इलेक्ट्रोड दीड-दोन लाखांत होतो असं तो म्हणतो. म्हणजे २६ लाख मोकळे होतात. त्यात दुसरा जेआरएफ बसतो, १३,९२,०००, घरभाडं वेगळं. बजेटच्या पानाखाली मी लाल पेनाने लिहून ठेवलंय. उद्या कुरिअर करतो.

तुझे,
बाबा

ता. क. कंटिन्जन्सीत, म्हणजे किरकोळ खर्चात, कुरिअर धरायला विसरलीस.