लाइट बिलावर नाव कुणाचं?

एमेजवळ, दोर्दोन्य, फ्रान्स
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर रोज बोलणं होतं, तरी मुद्दाम पत्र लिहितेय. फोनवर काही महत्त्वाचं काढलं की बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात, आणि आईचा कुकर नेमका तेव्हाच होतो. कागदावरचं निदान दोनदा वाचलं जाईल.

शेजारचे इंग्लिश आजोबा सप्टेंबरात गेले, हे तुम्हाला माहीत आहे. आजी आता एकट्या आहेत. दोघं 2004 साली केंटमधलं छोटं घर विकून इथं आली, आणि त्या पैशांत दगडी घर, धान्याचं कोठार आणि मागं अक्रोडाची झाडं असं सगळं घेऊन वर थोडे पैसेही उरले. या भागात असे इंग्रज गावोगाव भेटतात. एमेच्या गुरुवारच्या बाजारात निम्मी बोलणी इंग्रजीतच ऐकू येतात. बाबा, तिथं क्रिकेट क्लबही आहे! फ्रेंच माणसं कुंपणाशी उभी राहून बघतात आणि हा खेळ संपतो तरी कधी असं विचारतात. आजोबा तिथं स्कोअर लिहायला बसायचे.

आजोबांचं फ्रेंच चांगलं होतं. 2020 पर्यंत ते गावच्या पंचायतीत सदस्यसुद्धा होते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि इथल्या शेकडो ब्रिटिश पंचांचं पद गेलं. मतदानाचा हक्कही गेला. आता घरपट्टी भरायची, पण गावात मत नाही. त्याचं त्यांना फार लागलं होतं. आजींचं फ्रेंच मात्र बेकरीपुरतं. दुकानात शिरताना "बोंजूर" म्हणायला त्या कधी चुकत नाहीत (न म्हटलं तर इथं लोक तुम्हाला अडाणीच समजतात), पण त्यापुढचं सगळं आजोबा बोलायचे. बँक, कर, विमा, गाडी, डॉक्टर, सगळंच.

आजोबा बाथरूममध्ये पडले त्या रात्री आजींनी घाबरून 999 फिरवला. तो इंग्लंडचा नंबर! इथं डॉक्टरी मदतीला 15, अग्निशमनाला 18, नाहीतर 112. एकवीस वर्षं इथं राहूनही बोटांनी जुनाच नंबर शोधला. मग त्या चपला न घालता आमच्या दारात आल्या. यांनी 15 लावला, आणि शहरातली रुग्णवाहिका यायच्या आधी अग्निशमनवाले पोचले. खेड्यांत तेच आधी येतात. या देशातले पाचातले जवळजवळ चार अग्निशमनवाले स्वयंसेवक असतात. त्या रात्री स्ट्रेचर उचलणाऱ्यांत आमचा प्लंबर होता. परवा तीच मंडळी नवीन वर्षाचं कॅलेंडर घेऊन दारोदार आली. कॅलेंडर घ्यायचं आणि मनाला येईल ते द्यायचं. पोस्टमनही असंच येतो. अगदी आपलं दिवाळीचं पोस्त! आजींनी त्यांना पन्नास युरो दिले आणि बराच वेळ दार लावलंच नाही.

आता मुद्द्यावर येते. गेले सहा आठवडे मी दर मंगळवारी आजींच्या जेवणाच्या टेबलावर बुटाचा खोका उपडा करून बसते. त्यात आजोबांचे कागद आहेत. पहिल्याच दिवशी बँकेत गेलो, कारण आजोबांचं एकट्याचं खातं त्यांच्या मृत्यूनंतर गोठवलं गेलं आणि आजींना स्वतःचं खातं उघडायचं होतं. तिथल्या पोरीनं फार नम्रपणे पत्त्याचा पुरावा मागितला. इथं पत्त्याचा पुरावा म्हणजे लाइट बिल, अगदी आपल्यासारखंच. लाइट बिल आजोबांच्या नावावर. पाणी आजोबांच्या नावावर, फोन आजोबांच्या नावावर, घराचा विमा आजोबांच्या नावावर. ज्या घरात एकवीस वर्षं आजींनी स्वयंपाक केला त्या घराच्या एकाही बिलावर त्यांचं नाव नाही, आहे ते फक्त टपालपेटीवर!

मग विजेच्या कंपनीला फोन. "एक दाबा, दोन दाबा" करत चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. शेवटी बाई लाइनवर आली, तर म्हणाली खातेदारालाच फोनवर द्या. मी म्हटलं, बाई, तेच तर अवघड आहे. दहा दिवसांनी नवीन बिल आलं. आजींनी चष्मा लावला, नावाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तसंच राहू दिलं. मी आपली कपबश्या विसळत राहिले.

पुढची गंमत जन्मदाखल्याची. इथल्या कचेऱ्यांना तीन महिन्यांच्या आत काढलेला जन्मदाखला लागतो, कारण फ्रेंच माणसाच्या दाखल्यावर लग्न, घटस्फोट अशी सगळी टिपणं होत राहतात. इंग्लंडचा दाखला एकदा दिला की दिला. आजी म्हणाल्या, "मी काय परत जन्माला आले का तीन महिन्यांत?" शिवाय त्याचं भाषांतर शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच करून आणायचं. माझं फुकटचं भाषांतर चालत नाही, मी कितीही चांगलं केलं तरी.

घराचं तर आणखी गुंतागुंतीचं. इथं मृत्यूनंतरचं सगळं नोतेर नावाचा सरकारमान्य अधिकारी बघतो, आणि सहा महिन्यांच्या आत मालमत्तेचं विवरण भरावं लागतं. फ्रेंच कायद्यात मुलांना वारशातून काढता येत नाही. दोन मुलं असली तर दोन तृतीयांश हिस्सा त्यांचा राखीव. आजोबांना पहिल्या लग्नाची दोन मुलं आहेत, म्हणून मृत्युपत्र नसताना आजोबांच्या वाट्याच्या अर्ध्या घरातला चौथा हिस्सा आजींचा आणि बाकीचा त्या मुलांचा. ऑगस्ट 2015 पासून परदेशी माणसाला मृत्युपत्रात "माझ्या देशाचा कायदा लागू करा" असं लिहिता येतं. आजोबा दर हिवाळ्यात म्हणायचे, या वर्षी लिहितो. खोक्यात कोरा कागद आणि नोतेरच्या कार्यालयाचं कार्ड एकत्र टाचलेलं सापडलं. सुदैवानं आजींना त्या घरात हयातभर राहायचा हक्क मागता येतो, पण तोही वर्षाच्या आत मागावा लागतो. आणि नवरा-बायकोला वारसा कर नाही, तेवढी एक चांगली बातमी. ती दोन्ही मुलं भली आहेत, पण भली नसती तर?

आई, तुझ्या प्रश्नांची उत्तरं राहिली. हो, थंडी सुरू झाली. लाकूड स्तेरवर मोजून येतं, म्हणजे घनमीटरवर. आम्ही आठ स्तेर ओक घेतलं, दोन वर्षं वाळलेलं. ट्रॅक्टरवाला अंगणात ओतून जातो, रचायचं आपण. गॅस सिलिंडर इथंही आहे, 13 किलोचा, पण घरपोच वगैरे विसर. पेट्रोल पंपावरच्या पिंजऱ्यातून स्वतः उचलून गाडीत टाकायचा. आपला सिलिंडरवाला खांद्यावर घेऊन दोन जिने चढतो ते मी इथं सांगितलं तर कुणाला खरं वाटेना. चपात्यांना टी-80 आणि टी-110 असे दोन पिठांचे प्रकार निम्मेनिम्मे मिसळते. तुझ्यासारख्या मऊ नाही, पण वातड तरी होत नाहीत. लाल भोपळा इथं ढिगानं मिळतो, तर घारगे केले होते. आजींनी सहा खाल्ले. दुकानं बारा ते दोन बंद आणि बेकरी सोमवारी बंद, याची मात्र मला अजून सवय होत नाही. जेवायच्या वेळी दुकान बंद ठेवणारा हा एकच देश असेल, नाहीतर आपलं पुणं!

तब्येतीचं म्हणशील तर आम्ही ठीक. आमचे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही, हे खेड्यातलं मोठं दुखणं. आता पंचवीस किलोमीटरवर जातो. तपासणीचे तीस युरो, त्यातला मोठा भाग आरोग्य कार्डावर परत मिळतो. आजींसारख्या ब्रिटिश पेन्शनरांचा तो खर्च ब्रिटन सरकार उचलतं, एस-1 नावाच्या फॉर्मावर. तो फॉर्मसुद्धा खोक्याच्या तळाशी, 2008 च्या बागेच्या मासिकात सापडला.

बाबा, आता तुम्ही वाचा. आजींना इंग्लंडहून पेन्शनचा एक कागद आला, त्या जिवंत आहेत असं साक्षीदाराकडून लिहून आणायचं. म्हणजे चक्क हयातीचा दाखला! मला एकदम तुम्ही आठवलात, नोव्हेंबरात इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत निघालेले. या वर्षी गेलात का? नसाल गेलात तर जाताना आईला घेऊन जा. तिला रिक्षात बसवून बाहेर थांबवू नका, आत घेऊन जा, मॅनेजरांशी ओळख करून द्या.

आणि वाईच्या घराचं लाइट बिल. गेल्या वेळी आले तेव्हा देव्हाऱ्यामागं टोचलेलं मी पाहिलं. त्यावर अजून आपल्या आजोबांचं नाव आहे. त्यांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली, बाबा! तुम्ही बिल वेळेवर भरता, म्हणून कुणी काही विचारत नाही. पण उद्या आईला एखाद्या टेबलासमोर उभं राहावं लागलं तर ती कुठला कागद दाखवेल? गॅसचं कार्ड तुमच्या नावावर, मुदत ठेवी तुमच्या नावावर, वारस म्हणून कुणाचं नाव टाकलंय ते तुम्हालाच आठवत नाही. सातबाऱ्यावरची वारसनोंद काकांच्या भांडणापासून तशीच आहे. आईला एटीएमचा पिन माहीत नाही, आणि विचारलं तर "मला काय करायचंय" म्हणते. शेजारच्या आजीसुद्धा तेच म्हणायच्या.

मला राग येईल असं काही करू नका, एवढंच करा: एक जाड फाइल घ्या. डिसेंबरात दादा येईल तेव्हा त्याला शेजारी बसवून प्रत्येक कागदाची एकेक झेरॉक्स तिच्यात लावा, आणि आईला ती फाइल कुठल्या कपाटात आहे ते दाखवा. मृत्युपत्राचा विषय काढला की तुम्ही उठून अंगणात जाता. या वेळी अंगणातच बसून बोला, हवं तर.

मे महिन्यात तुम्ही दोघं इकडे या. पासपोर्टची मुदत आजच बघा. इथल्या पंचायतीतून, तिला मेरी म्हणतात, मी तुम्हाला घरी ठेवून घेणार असं पत्र काढेन. त्याला तीस युरोचा सरकारी मुद्रांक लागतो आणि सही सरपंचांची. तुमचा प्रवास विमा निदान तीस हजार युरोचा हवा, तो दादा काढेल. नव्वद दिवस राहता येतं. बाबांना क्लबात स्कोअर लिहायला माणूस हवाच आहे, जागा रिकामी आहे.

यांचा नमस्कार. दादाला फाइलीचं मी वेगळं लिहिलंय, तेव्हा "विसरलो" चालणार नाही.

तुमची,
लेक

ता. क. बाबा, आजोबांचं नाव बिलावरून काढायला तुमचा हात उचलणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या नावाचं शेवटचं बिल फाइलीत सगळ्यात वर लावा.