हमीचा आकडाही छापा

महोदय,

अमेरिकी फुटबॉलमधल्या (हेल्मेट घालून खेळतात तो, मेस्सीचा नव्हे) पगाराच्या भांडणांवर आपल्या क्रीडा पानात आलेला मजकूर वाचला. कोट्यवधी डॉलर कमावणारे खेळाडू करार असताना सरावाला न जाता अडून बसतात ही निव्वळ हाव, असा त्याचा सूर होता. मी डॅलसजवळ राहतो. इथल्याही बऱ्याच चाहत्यांचं मत हेच आहे. मला ते पटत नाही.

एनएफएलमधला (या खेळाच्या व्यावसायिक लीगमधला) पाच वर्षांचा करार खेळाडूला पाच वर्षं बांधून ठेवतो, संघाला नाही. खेळ उतरला किंवा स्वस्तात दुसरा कोणी मिळाला, की संघ दोन वर्षांतही नारळ देतो आणि हमी दिलेली रक्कम वगळता बाकीचे पैसे बुडतात. खेळाडूने मात्र कराराच्या दुप्पट किमतीचा खेळ केला तरी त्याला हलता येत नाही. करार संपल्यावरही 'फ्रँचाइज टॅग' लावून त्याला आणखी वर्षभर अडकवता येतं.

सिएटलचा अर्ल थॉमस आठवा. 2018 मध्ये नव्या करारासाठी त्याने सराव शिबिर बुडवलं. व्यवस्थापन बधलं नाही, तेव्हा जुन्याच करारावर परत आला. मोसमाच्या चौथ्या सामन्यात पाय मोडला. गाडीवरून बाहेर नेत असताना त्याने मधलं बोट दाखवलं ते स्वतःच्याच संघाच्या बाकाकडे! असभ्य होतं, कबूल. पण नवा करार नसताना दुखापत होण्याची जी भीती त्याला होती, तेच घडलं होतं.

अडून बसण्याने दर वेळी लाभ होतोच असं नाही. 1993 मध्ये एमिट स्मिथ करारावाचून घरी बसला, गतविजेता डॅलस पहिले दोन्ही सामने हरला, मालक जेरी जोन्स ताळ्यावर आले आणि त्याच मोसमात संघाने पुन्हा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. उलट पिट्सबर्गच्या लेव्हियन बेलने 2018 मध्ये जवळपास 1 कोटी 45 लाख डॉलरवर पाणी सोडून अख्खा मोसम बाहेर काढला. तो येत नाही हे पक्कं झाल्यावर सहकाऱ्यांनीच त्याच्या लॉकरमधले बूट वाटून घेतले.

आता तर हे हत्यारही बोथट केलंय. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2020 च्या सामूहिक करारानंतर पहिला करार पार केलेल्या खेळाडूला शिबिर चुकवल्यास दिवसाला 50 हजार डॉलर दंड होतो आणि मनात असूनही संघाला तो माफ करता येत नाही. म्हणून खेळाडू शिबिराला हजर राहतात, फक्त सराव करत नाहीत. अचानक कोणाची पाठ दुखते, कोणाची मांडी. 2025 मध्ये आमच्या मायका पार्सन्सने हेच केलं. शेवटी जोन्सनी त्याला ग्रीन बे संघाला देऊन टाकलं. (त्याचं दुःख अजून गेलेलं नाही.) तिथे त्याला चार वर्षांचे 18 कोटी 80 लाख डॉलर मिळाले, पैकी 12 कोटी सहीबरोबरच हमीचे. डिसेंबरात त्याच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला.

बातम्यांच्या मथळ्यात 18 कोटी 80 लाख येतात, 12 कोटी येत नाहीत. पुढच्या वेळी अशी बातमी देताना एकूण रकमेशेजारी हमीची रक्कमही द्यावी, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, डॅलस (टेक्सास)