दादाच्या कीटोनबद्दल

प्रिय सुहास,

काल फोनवर तू तीनदा विचारलंस, "लघवीत कीटोन निघालेत, म्हणजे दादाला डायबेटिस झाला का?" मला तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

ताईलाही दादासारखाच पँक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, झाला होता, तेव्हा मी तुझ्याच जागी होतो. नर्सनं लघवीत पट्टी बुडवली आणि ती बघता बघता गडद जांभळी झाली. माझे तर हातपायच गळाले. कीटोन म्हणजे नेमकं काय, हे त्या दिवशी कुणी समजावून सांगितलं नाही.

शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळतं आणि लिव्हर त्या चरबीतून कीटोन तयार करतं. दादाच्या पोटात चार दिवस अन्नाचा कण नाही, वर उलट्या. एवढ्यानंही पट्टी रंगते. त्यात एवढं दुखणं असलं की ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स वाढतात, चरबी आणखी सुटते. हे कीटोन उपासाचे. ग्लुकोजचं सलाईन लागलं, खाणं सुरू झालं की उतरतात.

खरी काळजी दुसरीच आहे. इन्सुलिन करणाऱ्या पेशी याच स्वादुपिंडात असतात. सूज फार असली तर इन्सुलिन कमी पडतं, लिव्हरला आवर घालणारं कुणी उरत नाही, आणि कीटोन साचून रक्तातलं आम्ल वाढतं. यालाच कीटोॲसिडोसिस म्हणतात. ताईचं तेच झालं होतं. श्वास जोरजोरात चालायचा, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास यायचा. दादाचा श्वास तसा वाटला तर सकाळची वाट बघू नकोस, लगेच डॉक्टरांना हाक मार.

नुसत्या पट्टीवर मात्र जाऊ नकोस. तिला ॲसिटोॲसिटेट या प्रकारचे कीटोन दिसतात. अशा वेळी सगळ्यात जास्त वाढणारा दुसरा प्रकार, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, दिसतच नाही. बरं होताना या दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर होतं. म्हणून ताईच्या रक्तातले कीटोन ४.२ वरून १.१ वर (मिलिमोल प्रति लिटर) आले तरी पट्टी जांभळीच होती, आणि मी उगाच रडत बसलो होतो. तू रक्तातले कीटोन विचार. ०.६ च्या आत असले तर ठीक, ३ किंवा त्याच्या वर असले तर गंभीर. सोबत शुगर किती, आणि रक्तातलं आम्ल कळण्यासाठी बायकार्बोनेट आणि रक्ताचा पीएच किती, तेही विचार.

डायबेटिसचं म्हणशील तर एचबीए१सी ही रक्ततपासणी करून घ्या. मागचे दोन-तीन महिने शुगर वाढलेली होती का, ते त्यातून कळेल. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, हेही बघायला सांग. इन्सुलिन कमी पडलं की ते भरमसाट वाढतात, आणि १००० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले की त्यांच्यामुळेच स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. म्हणजे आधी डायबेटिस की आधी पँक्रियाटायटिस, हे कधीकधी डॉक्टरांनाही शोधावं लागतं. लायपेज या स्वादुपिंडाच्या एन्झाइमवरून सूज ओळखतात, पण नुसत्या कीटोॲसिडोसिसमध्येही ते वाढलेलं दिसतं, म्हणून खात्रीसाठी डॉक्टर पोटाचा सीटी स्कॅन सांगतील तर घाबरू नकोस.

वहिनींना आज रात्री घरी पाठव, त्यांची झोप झालेली नाही. रिपोर्ट हातात आला की आकडे मला फोनवर वाचून दाखव, कितीही वाजलेले असू देत.

तुझा,
अविनाश