बाबा, हे छत तुम्ही बघायला हवं होतं

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

काल इथल्या, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या ब्लाइबरा गावचं चर्च पाहून आले. गाव मूठभर घरांचं, चर्च मात्र शहराला शोभेल असं, पंधराव्या शतकातलं.

बाबा, आत गेल्यावर मान वरच राहिली. जवळजवळ सपाट छत, ओकच्या तुळया, आणि मधोमध पाठीला पाठ लावून बसवलेले लाकडी देवदूत, पंख पसरून. रंग विटलाय, पण लाल-हिरवी नक्षी अजून कळते. तुम्ही आधी वाळवीचं विचाराल. इथे वाळवी नसते, पण जुन्या ओकला पोखरणारा एक भुंगा असतोच!

देवदूतांच्या अंगात छर्‍यांची भोकं आहेत. सतराव्या शतकात राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. १६४४ साली मूर्ती फोडत हिंडणारा विल्यम डाउसिंग इथे आला होता, हे खरंच. पण दुरुस्तीत सापडलेले छर्रे नंतरचे, अठराव्या शतकातले निघाले. छतात घरटी करणारे जॅकडॉ, म्हणजे आपल्या कावळ्यांचेच भाऊबंद, मारायला चर्चनेच पैसे देऊन माणसं लावली होती. मला शिपायांपेक्षा हेच जास्त पटलं.

उत्तरेकडच्या दारावर काळे डाग आहेत. ४ ऑगस्ट १५७७ च्या वादळात मनोऱ्याचं टोक छत फोडून आत कोसळलं, एक माणूस आणि एक मुलगा गेला. लोक म्हणतात, सैतानच काळा कुत्रा होऊन आला होता, ती त्याच्या नखांची खूण. मला तरी ते भाजल्याचेच डाग वाटले.

आई, तुला बाकं आवडतील. त्यांच्या टोकांना माणसाचे दुर्गुण कोरलेत. लोभी पैशांच्या पेटीवर बसलाय. ढोंग्याचे हात जोडलेले, डोळे टक्क उघडे (आपल्या सोसायटीच्या आरतीतले एक गृहस्थ आठवले, नाव लिहीत नाही). आणि आळशी अंथरुणातच बसलाय. रविवारी सकाळची मीच म्हण ना!

बाबा, त्या आळशाच्या पांघरुणाच्या चुणीचा फोटो पाठवलाय. पटाशी लाकडाच्या रेषांच्या उलट चाललीय का, मोठा करून बघा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आता नीट दिसतंय ना? थेंब वेळेवर घालताय का, ते आईने कळवावं.

तुमची,
चिऊ